गाठ

रास अल खैमातल्या वृद्धाश्रमामागे
पाऊण एकर वाळू, घाफचं एक झाड आणि माझी मोजपट्टी.
चढ विसास एक. त्याहून तीव्र नको,
खुर्ची ढकलणारी लिसी पंचेचाळीस किलोची आहे.
वाट सहा फूट रुंद, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोर आल्या
तर घटकाभर बोलता यावं,
कुणाला मागे हटायला लागू नये.
फरशी एकाच रंगाची. काळी पट्टी
म्हाताऱ्या डोळ्यांना खड्डा वाटते,
पाय तिथंच थिजतो.

ठेकेदार म्हणाला, कण्हेर लावू.
पन्नास अंशांतही फुलते, मरत नाही.
मी म्हटलं, मारते.
उम्म सुलतान हाताला लागेल ते तोंडात घालते.
सांगोल्याला आमच्या दाराशी होती कण्हेर,
आई परडीभर फुलं काढायची
आणि मग आमचे हात दोनदा धुवायला लावायची.
यादीतून तिचं नाव खोडताना
ओळखीचं माणूस रस्त्यात टाळल्यासारखं झालं.
तिच्या जागी रैहान, तुळशीचंच भावंडं,
कमरेइतक्या उंच वाफ्यांत,
न वाकता चुरगळता येईल असं.

मौजा रोज संध्याकाळी घरी जायला निघते.
पिशवीत एक चप्पल, एक कंगवा.
बंद दार लागलं की रडते,
वळण लागलं की चालत राहते.
म्हणून वाट गोल आखली, कुठंच न संपणारी,
आणि फाटक वेलामागे लपवलं.
कागदावर हे सोपं होतं.
पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या मारून
ती माझ्यापाशी थांबली, काहीतरी म्हणाली.
लिसीनं सांगितलं: आज घर लांब पडलं, म्हणतेय.
मी तिला पाणी दिलं.
दुसरं काय देणार होते?

चूक कठड्यात निघाली.
चकचकीत स्टील, निविदेत मंजूर, उंची नियमाप्रमाणे.
जूनमध्ये सकाळी नऊलाच
सैफच्या तळव्यावर फोड उठला.
सैफला दिसत नाही,
तो कठड्याच्याच भरवशावर चालतो.
मी कॅटलॉग उघडून बसले.
रबर चिकटतं, लाकूड तडकतं, निधी तर संपलेलाच.

"सुंभ," कुणीतरी म्हणालं. स्वच्छ मराठीत.
मान वळवून पाहिलं तर जुमा बिन ओबैद,
आल्यापासून कुणाशी अक्षर न बोललेला.
तरुणपणी गलबतात खजूर भरून
वेंगुर्ल्याला जायचा म्हणे.
तिथला एवढा एकच शब्द
त्याच्यापाशी शिल्लक होता.

सुंभ आला, अकराशे मीटर.
दुकानदाराला वाटलं, कुणी बोट बांधतंय.
जुमा खुर्चीत बसून गुंडाळत गेला, दिवसाला दीड हात,
ऊन उतरल्यावर. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.
बोटं संधिवातानं वाकडी,
पण मदत करायला गेलं की फटकारायचा.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,
हे मी त्याला कसं समजावणार?
वळणाआधी त्यानं एक गाठ मारली.
बाकाजवळ दोन.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
सैफ बोटांनी वाचत एकटा फिरून आला,
आणि लिसी भिंतीकडे तोंड करून
उगाच नाक पुसत राहिली.

मग पश्चिमेच्या सरळ तुकड्यावर
तीन गाठी.
माझ्या आराखड्यात तिथं काहीच नाही.
वळण नाही, बाक नाही, सावलीसुद्धा नाही.
मी पट्टी लावून पाहिलं,
खुणेनं विचारलं, चुकलं का?
जुमानं हात वर केला: थांब.

चार वाजून गेले. वारा फिरला.
खाऱ्या चिखलाचा, मासळीचा,
भिजल्या लाकडाचा वास
भिंत ओलांडून आत आला.
सैफ आधीच तिथं उभा होता, तोंड वर करून.
मौजा मागून आली
आणि तिनं पिशवी खाली ठेवली.

घरी येऊन आराखडा उघडला,
त्या जागी पेन्सिलीनं तीन ठिपके काढले.
चिन्हांच्या सूचीत त्यांच्यापुढे काय लिहावं सुचेना.
नगरपालिकेचा तपासनीस विचारील,
हे काय?
सांगेन, चारनंतर या.